दोन जुने कॉम्प्युटर आणि ‘व्हॅन ९००१’

‘काका, नमस्कार. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कराडला राहतो. मामांच्या ऑफिसातून दोन जुने कॉम्प्युटर फुकट मिळाले. एक मोठा टॉवर आहे, कोर टू ड्युओ, २ जीबी रॅम. दुसरा छोटा, चपटा. त्यात आय५-३४७०, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. चार महिने झाले, एकावरही धड गेम चालत नाही. छोट्यावर व्हिडिओ बघून विंडोज ११ टाकलं, तर व्हॅलोरंट “व्हॅन ९००१” दाखवून बंद होतो. जीटीए फाइव्ह उघडतो, पण गाडी चालवायला घेतली की अडखळतो. ऑनलाइन २,८०० रुपयांना “जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी” ग्राफिक्स कार्ड घेतलं, ते छोट्याच्या डब्यात मावेना. टॉवरमध्ये बसलं, नावही बरोबर दाखवतं, पण गेम लावला की स्क्रीन काळी. बाबा म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाक. सुट्टीत काम करून साठवलेले ५,००० रुपये माझ्याकडे आहेत. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे, रोज संध्याकाळी विचारतो, “दादा, झालं का?” दोन्हींचे पार्ट एकत्र करून एक चांगला पीसी होईल का? – एक दादा, कराड’

अरे, बाकीचं सगळं बाजूला ठेव. आधी त्या कार्डाचं बघू, कारण माल परत करायची मुदत असते आणि माझं उत्तर छापून येईपर्यंत ती थांबत नाही.

तुझं कार्ड बहुतेक खोटं आहे. खोटं म्हणजे पुठ्ठ्याचं नव्हे. कार्ड खरं, नाव उसनं. २०१०-११ च्या सुमाराची जीटीएस ४५०, जीटीएक्स ५५० टीआय असली कार्डं भंगारातून गोळा करतात, आतला बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं सॉफ्टवेअर, बदलतात आणि कार्डाकडून विंडोजला वदवून घेतात की मी १०५० टीआय. अस्सल १०५० टीआय २०१६ सालची. गेम लावला की ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्डामधला दुभाषा, नव्या चिपचं म्हणून काम सांगतो, आतली जुनी चिप ते करू शकत नाही आणि स्क्रीन काळी होते. तू विंडोज दहा वेळा टाकलंस तरी हे बदलणार नाही.

खात्री करायला जीपीयू-झेड नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे. २०१८ पासून त्यात हीच लबाडी ओळखायची सोय आहे. चिप आणि नाव जुळलं नाही तर नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’ लिहून येतं. त्याचा स्क्रीनशॉट काढ. कार्डाला मागे निळं व्हीजीएचं, म्हणजे जुन्या मॉनिटरच्या वायरीचं, तोंड असेल तर त्याचाही फोटो घे. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल मुळात निघतच नाही, म्हणून अस्सल कार्डावर ते तोंड सहसा नसतं. हे दोन पुरावे लावून विकणाऱ्याकडे आणि जिथून मागवलंस त्या साइटकडे लेखी तक्रार कर. ‘चालत नाही’ असं लिहू नकोस, ‘दाखवलेला माल आणि पाठवलेला माल वेगळा आहे’ असं लिही. पहिल्या वाक्यावर ते तुला ड्रायव्हर बदलायला सांगून आठवडा काढतात. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. खोका, फोम, पिशवी, काहीही टाकू नकोस.

आणि तोवर ते कार्ड टॉवरमधून काढून ठेव. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटीएस ४५० ची भूक १०६ वॅटची आहे, म्हणून त्याला सहा पिनांची वेगळी वायर लागते. जुन्या टॉवरात ती वायर नसते, मग मुलं कन्व्हर्टर जोडून काम भागवतात. तूही तेच केलं असशील असा माझा अंदाज आहे. पंधरा वर्षं चाललेला स्वस्तातला पॉवर सप्लाय एवढा ताण किती दिवस सोसेल सांगता येत नाही आणि जाताना तो एकटा जात नाही, बोर्डही घेऊन जातो.

आता तुझा मूळ प्रश्न. दोन मिळून एक होणार नाही. टॉवरातली रॅम बहुधा डीडीआर २, छोट्यातली डीडीआर ३. दोन्हींना २४० पिना असतात आणि वरून पाहिलं तर सारख्याच दिसतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नकोस, स्लॉट फुटतो. प्रोसेसरचं सॉकेट वेगळं. छोट्याचा बोर्ड उचलून टॉवरच्या डब्यात टाकावा म्हणशील, तर कंपन्यांच्या असल्या छोट्या मशीनमध्ये बोर्डाचा आकार आणि पुढच्या बटणाची जोडणी त्यांची त्यांचीच असते. इकडून तिकडे जाईल ती फक्त सॅटा हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि मॉनिटर. म्हणून सगळा जीव छोट्यात ओत. टॉवरचं काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय, शेवटी सांगतो.

व्हॅन ९००१ मध्ये तुझं मशीन बिघडलेलं नाही. व्हॅलोरंटचा खेळातली लबाडी पकडणारा जो पहारेकरी आहे, व्हॅनगार्ड, त्याला विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. तुझा प्रोसेसर २०१२ चा. त्या काळच्या ऑफिसच्या मशीनमध्ये टीपीएम असलाच तर १.२ असतो. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, तुझा तिसऱ्या पिढीतला. व्हिडिओवाल्याने तुला विंडोजची तपासणी चुकवायला शिकवलं, पण व्हॅनगार्ड स्वतः वेगळी तपासणी करतो आणि तिथे तू अडकलास. म्हणजे विंडोज ११ टाकून तू स्वतःच स्वतःचं दार लावून घेतलंस.

विंडोज १० वर परत ये, ६४ बिटचंच. ऑफिसमधून आलेल्या मशीनवर बऱ्याचदा ३२ बिटचं असतं, आणि त्यावर कितीही रॅम लावली तरी चार जीबीच्या आतच वापरली जाते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट वाढवून मिळतात, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तेव्हा ते मशीन खेळापुरतं ठेव. बाबांचं बँकेचं काम त्यावर नको. आणि एक स्पष्ट सांगतो, व्हॅलोरंट चालावा म्हणून एक रुपयाही खर्च करू नकोस. या खेळांच्या कंपन्या अटी वाढवतच नेतात. आज चाललेला उद्या बंद होईल आणि तू पुन्हा मला पत्र लिहिशील.

आता खरं काम, आणि ते फुकटचं आहे. पैसे घेऊन बाजारात जाण्याआधी हे मशीन नेमकं कुठे अडतंय ते शोध. तू चार महिने औषधं बदलतोयस, पण ताप मोजलेला नाहीस.

मी २००३ साली तालुक्याच्या गावी सायबर कॅफे चालवत होतो. आठ मशीन, सुट्टीत पोरांची रांग. एप्रिल-मे आला की दुपारी तीननंतर त्यातली दोन मशीन हटकून लटकायची. मी रॅम बदलली, विंडोज चार वेळा टाकलं, व्हायरस शोधत रात्र जागवली. शेवटी आठवीतला एक पोरगा म्हणाला, ‘काका, ही दोनच भिंतीला चिकटल्यात. गरम वारं जाणार कुठनं?’ वीतभर पुढे ओढली आणि प्रश्न मिटला. त्या पोराला महिनाभर अर्धा तास फुकट दिला, आणि बदललेली रॅम आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तर आधी डबा उघड. वायर भिंतीतून काढून, आणि आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जी जाळी असते तिच्यात इतक्या वर्षांच्या धुळीची गोधडी झालेली असणार. घराबाहेर नेऊन ब्रशने आणि ब्लोअरने साफ कर, मात्र पंखा बोटाने धरून ठेव, हवेने भन्नाट फिरवू नकोस. हीटसिंक काढ, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून टाक, नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मधोमध लाव. थापायची नाही. हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरव. आमच्या धंद्यातला सर्वांत स्वस्त इलाज तोच. बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल, सीआर २०३२, तोही बदलून टाक. तारीख मागे जाते आणि साइट उघडत नाहीत, ती करामत त्याचीच. मग एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावून खेळताना प्रोसेसरचं तापमान बघ. ऐंशीच्या आत असेल तर झोप लागेल. शंभरच्या पुढे जात असेल तर प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, आणि तुला वाटतं गेम जड आहे.

त्यानंतरची परीक्षा मला फार आवडते. गेमचं रिझोल्यूशन १९२० × १०८० वर ठेव आणि किती एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, येतात ते लिहून घे. मग १२८० × ७२० कर. पहिल्यात एका चित्रात २०.७ लाख ठिपके रंगवायचे असतात, दुसऱ्यात ९.२ लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. ठिपके कमी झाल्यावर एफपीएस उसळी मारून वर गेले तर अडथळा ग्राफिक्सचा. जागचे हललेच नाहीत तर प्रोसेसरचा. आणि एफपीएस चांगले असूनही मधूनच झटका बसत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून ठेव. मेमरी ९५ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसेल. तुझं वर्णन वाचून मी न पाहताच सांगतो, तुझ्याकडे हे तिसरं आहेच. जीटीए फाइव्हमध्ये गाडी पळवतोस तेव्हा पुढचे रस्ते आणि इमारती डिस्कवरून सतत उचलाव्या लागतात. चार जीबी रॅमवर विंडोज ११ स्वतःच ऐसपैस बसलेलं, गेमला जागा नाही, मग विंडोज रॅममधला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवणार आणि परत आणणार. फिरती तबकडी हे किती करणार? ‘रॅम क्लीनर’ नावाचं काही टाकलं असशील तर काढून टाक. ते रॅममधलं सामान खाली उतरवतं, आणि गेमला ते लगेच पुन्हा लागतं.

म्हणून पहिला खर्च रॅमचा. तुझ्या मशीनमध्ये चार जीबीची एकच कांडी असेल, तर तशीच दुसरी घे, त्याच वेगाची, आणि रंग बघून जोडीच्या स्लॉटमध्ये लाव. इथे आठ जीबी होणं ही अर्धीच कमाई. आय५-३४७० मधलं एचडी २५०० ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅममधूनच खातं. डीडीआर ३-१६०० च्या एका कांडीतून सेकंदाला १२.८ जीबी वाहतात, दोन जोडीने लावल्या की २५.६. नळ तोच, धार दुप्पट. जुनी डीडीआर ३ रॅम दुरुस्तीच्या दुकानात ढिगाने पडलेली असते. नवी घेऊ नकोस, पण दुकानातच लावून, मशीन सुरू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. भाव सध्या आठवड्याला बदलतायत, म्हणून इथे आकडे लिहीत नाही.

दुसरा खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माल ठेवणाऱ्या डिस्कचा. सॅटाची, २५६ जीबीची साधी चालेल. तिने एफपीएस वाढत नाहीत, हे कान देऊन ऐक, कारण दुकानदार उलट सांगेल. तिने ते झटके जातात, आणि मशीन चालू करून चहा टाकायला जायची सवय मोडते. जीटीए फाइव्ह एकटाच ७२ जीबीच्या वर जागा खातो, तेव्हा त्या डिस्कवर एका वेळी एकच मोठा गेम ठेव.

उरलेल्या पैशांत, आणि २,८०० परत मिळाले तर त्यातून, कार्ड. छोट्या डब्यात अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसतं, आणि वेगळी वायर नसल्याने ७५ वॅटच्या आतलं हवं. नव्यातल्या स्वस्त कार्डांपैकी जीटी ७१० आणि जीटी ७३० कडे बघूही नकोस, ती मॉनिटर जोडायला असतात. जीटी १०३० मध्ये फसगत अशी की एकाच नावाची दोन कार्डं निघाली. २०१७ चं जीडीडीआर ५ वालं, त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८ चं डीडीआर ४ वालं, वेग १६.८ जीबी. खोक्यावर नाव तेच. ती एक ओळ वाचली नाहीस तर पैसे पाण्यात. आरएक्स ६४०० दिसायला मोहक आहे, लो प्रोफाइलही मिळतं, पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या, चारच लेन (वाटा) वापरतं आणि तुझ्या बोर्डाचा स्लॉट जुन्या तिसऱ्या पिढीचा, म्हणून त्याची बरीच ताकद वाटेतच सांडते. मी तुझ्या जागी असतो तर क्वाड्रो पी६२० शोधलं असतं. हे ऑफिसात ड्रॉइंगच्या कामासाठी लावतात. २ जीबी, ४० वॅट, अर्ध्या उंचीचं, आणि ‘गेमिंग’ हा शब्द खोक्यावर नसल्याने पोरांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. कंपन्यांची जुनी मशीन जिथे लॉटने येतात तिथे ते सापडतं. मुंबईला कुणी जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात विचारायला सांग. सोबत मिनी डिस्प्ले पोर्टचं कन्व्हर्टर मागून घ्यायचं, नाहीतर घरी येऊन मॉनिटर जोडता येणार नाही. अस्सल लो प्रोफाइल १०५० टीआय जुन्यात मिळालं तर ते याहून सरस, पण ते तू आता डोळ्यांनी चालताना बघूनच घेशील.

कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लाव, बोर्डाला नव्हे. हसू नकोस. ‘कार्ड घेतलं पण काही फरक नाही’ म्हणून आलेल्या किती जणांची मी फक्त वायर बदलून दिलीय.

एवढं करून काय चालेल? जीटीए फाइव्ह ७२० वर चालेल, पण त्याची जुनी, ‘लेगसी’ म्हणून मिळते ती आवृत्ती उतरव. हाफ-लाइफ २, पोर्टल, हॉलो नाइट, स्टारड्यू व्हॅली हे सगळे आरामात. काउंटर-स्ट्राइक २ चा नाद सोड, जुना १.६ मजेत खेळ. नव्या मोठ्या गेमपैकी काहींना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स २ नावाची सोय लागते, ती इंटेलने २०१३ च्या चौथ्या पिढीपासून दिली. तुझ्यात ती नाही, आणि कुठलंही कार्ड लावून ती येणार नाही. असा गेम सुरूच होत नसेल तर रात्र घालवू नकोस. आणि घरात जुन्या गेमच्या सीडी असतील तर त्यातल्या काही विंडोज १० वर हटून बसतील, कारण त्यांच्या कॉपी-राखणीचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी काढून टाकलाय. सीडीचा दोष नाही.

आता टॉवर. तो भंगारात द्यायचा नाही, तो धाकट्याचा. छोट्यात एसएसडी आली की निघालेली ५०० जीबीची डिस्क त्यात घाल, तोवर आहे त्याच डिस्कवर विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाक. २ जीबीवर ती जेमतेम चालते, इंटरनेट कुंथत चालेल, पण आपल्याला त्याचं कामच नाही. दोन्ही मशीनवर ओपनटीटीडी नावाचा फुकट गेम उतरव. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, कोळसा आणि माणसं वाहून न्यायची. १९९५ च्या एका जुन्या खेळावर बेतलेला आहे, त्यामुळे कोर टू ड्युओला तो चणे-फुटाणे. दोन्हींवर आवृत्तीचा नंबर एकच हवा, नाहीतर एकमेकांना ओळखत नाहीत. मग मधे एक साधी लॅन केबल जोड, राउटरची गरज नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये एकावर १९२.१६८.१.१ पत्ता दे, दुसऱ्यावर १९२.१६८.१.२, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. तुझ्या मशीनवर खेळ सुरू कर, त्याला आत बोलव.

यासाठी रॅम यायची, पैसे परत मिळायची वाट बघायला नको. येत्या रविवारी दुपारपर्यंत होईल. स्टेशनांची नावं बदलता येतात. सातारा, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज, ही त्याला पाठ असतील तर त्यालाच टाइप करू दे, आणि त्याच्या कंपनीच्या गाड्यांचा रंगही तोच ठरवेल.